हातचा कुठे हरवतो?

वाचकांचे प्रश्न : गणिताची धास्ती आणि परीक्षेचा ताण

सराव परीक्षांचे पेपर घरी आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच वाक्य पुन्हा पुन्हा दिसतं : 'घरी येतं, पेपरात येत नाही.' यंदा अशी पत्रं इतकी आली की सगळी जागा त्यांनाच दिली आहे. नावं काढली आहेत आणि सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगी दहावीला आहे. घरी बीजगणित पटापट सोडवते, पण सराव परीक्षेत 40 पैकी 19 मिळाले. तोच पेपर घरी पुन्हा सोडवला तर जवळजवळ सगळा बरोबर! 'आई, तिथे डोकंच बंद पडतं,' म्हणते. तिचे बाबा म्हणतात, नाटकं आहेत. खरं काय? (एक आई, सांगली)

नाटकं नाहीत. हे बाबांना आधी सांगा. घरात तो शब्द उच्चारला गेला, तर पुढच्या पेपरात मुलीच्या डोक्यात तोही घोळत राहणार.

47 आणि 38 ही बेरीज तोंडी करून पाहा. सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. चार आणि तीन सात, हातचा एक मिळवला की आठ. पंच्याऐंशी. हे होईपर्यंत तो 'एक' मनात कुठेतरी धरून ठेवावा लागतो. त्या जागेला मानसशास्त्रात कार्यरत स्मृती म्हणतात. आपण मनातली पाटी म्हणू. ही पाटी फार लहान असते, एका वेळी तिच्यावर मोजक्याच गोष्टी मावतात. आणि भीतीलाही लिहायला हीच पाटी लागते. 'वेळ संपत आली', 'पुढची पुरवणी मागतेय', 'बाबा काय म्हणतील' ही वाक्यं तिच्यावर उमटतात आणि हातचा पुसला जातो.

अमेरिकेत मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी हे तपासलं आणि 2001 साली प्रसिद्ध केलं. विद्यार्थ्यांना आधी दोन किंवा सहा अक्षरं लक्षात ठेवायला दिली, मग बेरीज दिली, मग ती अक्षरं परत विचारली. बिनहातच्याच्या बेरजांत गणिताला घाबरणारे आणि न घाबरणारे जवळजवळ सारखेच होते. हातच्याची बेरीज आणि सहा अक्षरं एकत्र आली, तिथे घाबरणाऱ्यांच्या चुका इतरांपेक्षा खूपच वाढल्या. बेरीज त्यांना येत होती. कमी पडली ती पाटीवरची जागा.

हुशार मुलीचं असं का व्हावं, याचं उत्तर 2005 च्या एका प्रयोगात आहे. सीअन बायलॉक आणि थॉमस कार यांनी विद्यार्थ्यांना अशी गणितं दिली : 51 मधून 19 वजा केले, तर उरलेल्या संख्येला 4 ने पूर्ण भाग जातो का? (32 उरतात, जातो.) आधी ती निवांत सोडवून घेतली. मग दडपण आणलं : तुम्ही सुधारलात तर पैसे मिळतील, तुमच्या जोडीदाराने त्याचं काम केलेलंच आहे, आता त्याचे पैसेही तुमच्यावर अवलंबून आहेत, आणि हे सगळं व्हिडिओत टिपलं जातंय. ज्यांची पाटी मोठी होती ते निवांतपणी अवघड गणितांत पुढे होते. दडपणाखाली घसरले तेच, आणि लहान पाटीवाल्यांच्या पातळीवर येऊन थांबले. लहान पाटीवाल्यांचं फारसं बिघडलं नाही. मोठी पाटी असलेली मुलं पायऱ्यापायऱ्यांची, भरपूर जागा खाणारी पद्धत वापरतात, आणि जागा आटली की पहिली तीच पद्धत कोसळते. इंग्लंडमध्ये 1757 मुलांच्या अभ्यासात (2018) गणितभीती तीव्र असलेल्यांपैकी 77 टक्के मुलं गणितात सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली निघाली. तुमची मुलगी त्यातलीच.

आता तिचे दोन्ही पेपर, शाळेतला आणि घरचा, शेजारी ठेवा. गुण मोजू नका, चुकांची जात बघा. x² − 5x − 14 = 0 घ्या. विवेचक काढायचा तर b² − 4ac, म्हणजे 25 − 4 × 1 × (−14). वजाला वजा भेटून अधिक होतं, 25 + 56 = 81, वर्गमूळ 9, मुळं 7 आणि −2. घाईत कंसातलं वजा गळतं, 25 − 56 = −31 होतं, आणि मुलगी आत्मविश्वासाने लिहिते 'मुळे वास्तव नाहीत'. पद्धत येते, सूत्र येतं, गेला तो एक वजा. शाळेच्या पेपरात अशा चुका (चिन्ह, हातचा, प्रश्नातली संख्या चुकीची उतरवणं) जास्त आणि घरच्यात जवळजवळ नाहीत, तर कारण दडपण. तीच चूक दोन्हीकडे असेल तर तो धडाच नीट झालेला नाही. मग ताणाबद्दल बोलत बसण्यात अर्थ नाही, शिकवायला हवं.

दडपणाच्या चुकांवर पहिला इलाज म्हणजे पाटीवरचं ओझं कागदावर उतरवणं. हातचा वर लिहायचाच. ऋण संख्या सूत्रात घालताना कंसासकट लिहायची आणि चिन्हांचा गुणाकार वेगळ्या ओळीत करायचा. उत्तरपत्रिकेच्या उजव्या कडेला चार बोटांची पट्टी कच्च्या कामासाठी आखायची. 'मला तोंडी येतं' हे घरी खरं असतं, परीक्षेत त्याचा भरवसा नाही. पेपर हातात पडताच, वाचण्याआधी, हमखास विसरणारी दोन-तीन सूत्रं त्या पट्टीवर लिहून टाकावीत.

दुसरा इलाज तालमीचा, आणि बहुतेक घरांत नेमका हाच राहून जातो. पलंगावर बसून, मध्ये पाणी पिऊन, उत्तरं उघडी ठेवून केलेला सराव परीक्षेची तालीम होत नाही. पहिला आठवडा : टेबलावर घड्याळ, चार गणितं, वीस मिनिटं, रोज. दुसरा आठवडा : एक दिवसाआड 20 गुणांचा अर्धा पेपर, एका तासात, दुसऱ्या खोलीत. तिसऱ्या आठवड्यापासून पूर्ण 40 गुण, दोन तास, अभ्यासिकेत किंवा मैत्रिणीच्या घरी, कुणीतरी अनोळखी माणूस समोर बसलेला. दडपण थोडं असावं आणि पायरीपायरीने वाढावं. पहिल्याच दिवशी पूर्ण पेपर लावला, ती त्यात आपटली, की सराव होतो तो घाबरण्याचा.

सूत्रांचं पाठांतर वाचून करू नका, आठवून करा. वही मिटायची, कोऱ्या कागदावर लिहायचं, मग वही उघडून तपासायचं. टफ्ट्स विद्यापीठातल्या 2016 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी शब्द आणि चित्रं पाठ केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर मुद्दाम ताण आणला गेला. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांची स्मृती ताणाखाली घसरली, आठवून सराव करणाऱ्यांची टिकली.

आणि ताण कशाने आणतात माहीत आहे? ताणावरच्या प्रयोगांत 1993 पासून जगभर एक पद्धत वापरतात. जर्मनीतल्या ट्रियर शहरात ती तयार झाली. अनोळखी परीक्षकांसमोर पाच मिनिटं भाषण, मग 1022 मधून तेरा-तेरा वजा करत जायचं : 1009, 996, 983... चुकलात तर पुन्हा 1022 पासून. माणसाला हमखास घाम फोडायला शास्त्रज्ञांना वजाबाकीच सापडली, हे बाबांना जरूर सांगा.

मी बँकेच्या पूर्वपरीक्षेची तयारी करतो. गणिताचा विभाग आला की छाती धडधडते, हात गार पडतात, आणि मी सुसाट सुटतो. 30 प्रश्न सोडवतो, त्यात 12 चुकतात. (परीक्षार्थी, लातूर)

सुसाट सुटणं हा या भीतीचा ठरलेला स्वभाव आहे. ॲशक्राफ्ट यांच्याच 1994 च्या कामात दिसलं की अतिघाबरणारे लोक अवघड गणितांत कधीकधी न घाबरणाऱ्यांइतकेच वेगाने उत्तर देतात, पण चुका कितीतरी जास्त करतात. समोरच्या गणितापासून सुटका हवी असते. उठून जाता येत नाही, म्हणून माणूस उत्तर देऊन मोकळा होतो.

तुमचाच हिशेब मांडू. 35 प्रश्न, 20 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला सरासरी 34 सेकंद. चुकीला पाव गुण वजा. 30 सोडवून 18 बरोबर, 12 चूक : 18 − 3 = 15. त्याऐवजी 22 सोडवले, 20 बरोबर आणि 2 चूक : 20 − 0.5 = 19.5. आठ प्रश्न कमी, साडेचार गुण जास्त. हे आकडे टेबलासमोर चिकटवा, कारण घाईच्या क्षणी पटवून द्यायला दुसरं कुणी नसतं.

पुढचे दोन आठवडे वेळ लावूच नका. पंधरा प्रश्नांचे संच घ्या आणि 15 पैकी 14 बरोबर येईपर्यंत वेगाचा विचार करू नका. मग वेळ लावा, पण प्रश्नाला 45 सेकंद, घंटी वाजली की प्रश्न सोडायचा. सोडण्याचाही सराव लागतो. नाहीतर एकाच डेटा इंटरप्रिटेशनच्या तक्त्यात चार मिनिटं जातात आणि उरलेलं सगळं धावत होतं. परीक्षेत दोन फेऱ्या करा : पहिलीत पाहताक्षणी रस्ता दिसतो तेवढेच, दुसरीत बाकीचे. सरावाच्या वेळी पायऱ्या मोठ्याने बोला : 'आता वजा करतोय, आता भाग देतोय.' 2010 च्या एका अभ्यासात दडपणाखाली असं बोलत गणित करणाऱ्यांची घसरण थांबलेली दिसली, कारण मन बोलण्यात गुंतलं की काळजीच्या वाक्यांना वाट मिळत नाही. परीक्षागृहात अर्थात ओठ न हलवता.

धडधडीशी भांडू नका. जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी 2010 साली जीआरई या अमेरिकी प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना सराव परीक्षेआधी एवढंच सांगितलं की धडधड झाल्याने काही बिघडत नाही, उलट अशा वेळी कामगिरी चांगली होऊ शकते. त्यांचे गणिताचे गुण इतरांपेक्षा वर गेले, आणि पुढे खऱ्या परीक्षेतही तो फरक दिसला. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 च्या प्रयोगांत 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला हुरूप आलाय' म्हणणारे सरस ठरले. धडधडत्या छातीने शांत असल्याचं सांगितलं तर शरीर ते मानत नाही. हुरूप आणि भीती दोन्हींत छाती तशीच धडधडते, म्हणून हुरूप पटतो. हात फार थरथरत असतील तर चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच वेळा. पन्नास सेकंद लागतात. हे विभाग सुरू होण्याआधी करा, घड्याळ चालू झाल्यावर नको.

परीक्षेआधी मुलांना मनातली भीती कागदावर लिहायला लावावी, असं प्रशिक्षणात सांगितलं. आमच्या वर्गात ते उपयोगी पडेल का? (गणित शिक्षिका, रत्नागिरी)

मूळ प्रयोग जेरार्डो रामिरेझ आणि सीअन बायलॉक यांचा, 2011 चा. दडपणाखाली गणित करण्याआधी दहा मिनिटं आपली धास्ती लिहून काढणाऱ्यांची अचूकता 5 टक्क्यांनी वाढली, न लिहिणाऱ्यांची 12 टक्क्यांनी घसरली. नववीच्या वर्गात जीवशास्त्राच्या पेपरालाही परीक्षेला घाबरणाऱ्या मुलांना फायदा दिसला. म्हणून हा उपाय जगभर गाजला.

पण प्रशिक्षणात बहुधा न सांगितलेली गोष्ट पुढची आहे. नामांकित नियतकालिकांतले 21 प्रयोग मोठ्या संख्येने माणसं घेऊन पुन्हा केले गेले, त्याचे निकाल 2018 मध्ये आले. 13 टिकले, 8 टिकले नाहीत. हा प्रयोग त्या आठांत आहे. उलट 2019 मध्ये अमेरिकेत नववीच्या सुमारे 1175 मुलांवरच्या अभ्यासात, लिहिणं किंवा धडधडीचा अर्थ बदलायला शिकवणं अशा उपायांनी गरीब घरांतल्या मुलांचं नापास होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमचा कल असा : करून पाहायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका.

करायचं तर नीट करा. आधी चाचणी परीक्षेला करून बघा, बोर्डाच्या पेपराला पहिल्यांदाच नको. सात ते दहा मिनिटं द्या. 'या पेपराबद्दल तुला काय वाटतंय ते जसंच्या तसं लिही' एवढीच सूचना. कागद कुणी वाचणार नाही हे आधी सांगा आणि नंतर मुलांनाच फाडून टाकू द्या. शिक्षकांनी गोळा केलेला कागद हा मुलांच्या लेखी दुसरा पेपरच असतो. जे मूल मुळात घाबरलेलं नाही त्याच्यावर सक्ती नको.

वर्गात तुमच्या हातात याहून मोठी गोष्ट आहे. जोराने, उभं करून, घड्याळ लावून पाढे विचारणं थांबवा. पाढे पाठ हवेतच. सात आठे छप्पन्न आपोआप आलं की पाटीवरची तेवढी जागा मोकळी राहते. वाद आहे तो तपासण्याच्या पद्धतीचा. रोज पाच मिनिटं, लेखी, दहा गुणाकार, आणि मुलाने तुलना करायची ती स्वतःच्या कालच्या आकड्याशी.

मला स्वतःला गणिताचा घाम फुटतो. मुलगा दुसरीत आहे. मी त्याचा गृहपाठ घ्यावा का? (एक वडील, पुणे)

2015 साली पहिली-दुसरीतल्या 438 मुलांवर अमेरिकेत अभ्यास झाला. घाबरणाऱ्या पालकांची मुलं वर्षअखेर गणितात कमी शिकलेली आणि स्वतःही जास्त घाबरणारी आढळली, पण फक्त तिथेच, जिथे ते पालक वारंवार गृहपाठ घेत होते. भीती रक्तातून आली असती तर गृहपाठ घेण्या-न घेण्याने फरक पडला नसता. ती पोहोचत होती टेबलावर : सुस्कारा, 'असं कसं येत नाही तुला', हातातून हिसकावलेली पेन्सिल, आणि 'जाऊ दे, मलाही कधी जमलं नाही'. हे शेवटचं वाक्य पालक धीर द्यायला म्हणतात. मूल ऐकतं ते असं की आपल्या घरात गणित येत नसतं.

गृहपाठ काही दिवस आईकडे, आत्याकडे, शेजारच्या ताईकडे सोपवा. तुमचा वाटा दुसरा असू द्या. त्याच वर्षी शिकागो परिसरातल्या 587 पहिलीच्या मुलांच्या घरी झोपताना वाचायच्या छोट्या गणित-गोष्टी दिल्या गेल्या, आणि सगळ्यात जास्त फायदा घाबरणाऱ्या पालकांच्या मुलांना झाला. गोष्ट आणि प्रश्न तयार मिळाल्यावर पालकांना शिकवायचं दडपण नव्हतं. तुम्ही भाजी आणताना विचारा : पाव किलो गवार तीस रुपयांना, अर्धा किलो घेतली, शंभरची नोट दिली, परत किती? उत्तर चुकलं तर 'चूक' न म्हणता 'कसं काढलंस?' विचारा. बरोबर आलं तरी तेच विचारा, नाहीतर 'कसं' म्हणजे चुकलं हे दोन दिवसांत त्याच्या लक्षात येईल.

नातीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं दिलं होतं, तेव्हा आम्ही चिडलो होतो. 'एकवीस' म्हणण्याने मुलं खरंच घाबरतात का? (आजोबा, नाशिक)

घाबरतात असं नाही, अडखळतात. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात हा बदल आला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष गणितज्ज्ञ मंगला नारळीकर होत्या. मुद्दा असा की 53 लिहिताना आधी पाच येतो, पण 'त्रेपन्न' ऐकताना आधी तीन ऐकू येतो. मुलाला तो तीन पाटीवर धरून थांबावं लागतं, नाहीतर 35 लिहिलं जातं. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात, आणि तिथल्या पहिलीच्या मुलांच्या अंकलेखनातल्या साधारण निम्म्या चुका या उलटापालटीच्याच आढळल्या. आपल्याकडे शिवाय 'एकोण' आहे : एकोणसाठ ऐकून मूल 69 लिहितं, कारण कानात 'साठ' राहतो. एकोणनव्वदच्या चालीवर 99 ला 'एकोणशंभर' म्हणणारं मूलही चुकत नसतं, ते नियमच लावत असतं.

एकवीस-बावीस टाकून द्यायची गरज नाही, बाजारात तेच चालतं. सुरुवातीचे काही महिने दोन्ही नावं बरोबर ठेवा, आणि काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे समोर मांडून 'पाच गठ्ठे, तीन सुट्या, त्रेपन्न' असं म्हणून घ्या. श्रुतलेखनात संख्या पूर्ण बोलून झाल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही.

मुलगा नऊ वर्षांचा. गणिताची वही काढली की रडतो, पोट दुखतं म्हणतो. ही भीती की डिसकॅल्क्युलिया (संख्या समजण्यातलीच अडचण)? काही महिने गणित बंदच ठेवावं का? (एक आई, पणजी)

बंद ठेवू नका. आधी भीती की आधी कच्चेपणा, याचं उत्तर संशोधनात दोन्ही बाजूंनी मिळतं : एक दुसऱ्याला ओढतं. सुट्टी दिली की रडणं थांबतं, पण वर्ग पुढे जातो आणि परत बसवलं की भीतीला आता खरं कारण मिळालेलं असतं.

फरक ओळखायचा तर कुणी घाई करत नसताना, खेळात बघा. पत्त्यांत सत्ती मोठी की नव्वी हे लगेच सांगतो का? 6 + 3 साठी अजून एकपासून बोटं मोजतो का? निवांतपणीही हे अडत असेल, वेळ-पैसे यांत गोंधळ असेल, तर डिसकॅल्क्युलियाची तपासणी करून घ्या. शाळेच्या समुपदेशकांकडून सुरुवात करा. सरकारमान्य केंद्राचं प्रमाणपत्र मिळालं की पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. खेळात सगळं येतं आणि वहीपाशीच अडतं, तर भीती.

भीतीवर शिकवणंच चालतं, हे स्टॅनफर्डमध्ये 2015 साली दिसलं. तिसरीतल्या मुलांना आठ आठवडे, एका मुलामागे एक शिक्षक असं शिकवलं. तीव्र भीती असलेल्या मुलांची भीती उतरलीच, शिवाय गणित करताना मेंदूतल्या ॲमिग्डाला या भीतीशी जोडलेल्या भागाची जी जास्तीची हालचाल आधी दिसत होती, तीही मावळली. घरी याचं छोटं रूप असं : आठवड्यात तीन दिवस, ठरलेली वेळ, वीस मिनिटं, एकच माणूस. पहिली दोन गणितं गेल्या इयत्तेतली, हमखास येणारी. मग आजचं एक, तुम्ही सोडवून दाखवलेलं. तसंच एक दोघांनी मिळून. तसंच एक त्याने एकट्याने. तिथे अडला तर मागच्या सोडवलेल्या गणितावर बोट ठेवा, उत्तर सांगू नका. शेवटचं पुन्हा येणारं. वीस मिनिटं झाली की, चांगलं चाललेलं असलं तरी, वही मिटायची. उद्या ती पुन्हा उघडायची आहे.